रत्नागिरी बघायची तर सोमवार टाळा

माझी रिक्षा स्टेशनला लागते. गाडीतून उतरणाऱ्या दहातले आठ जण एकच विचारतात, "गणपतीपुळ्याला किती घेणार?" शहर बघायला आलोय असं म्हणणारा क्वचित भेटतो. तो भेटला की मी आधी वार बघतो.

हे मला साताऱ्याच्या एका आजींनी शिकवलं. ऐन मेमध्ये त्यांना घेऊन थिबा पॅलेसवर गेलो, तर फाटकाला कुलूप. सोमवार होता. आजी गजांना धरून बाहेरूनच बघत राहिल्या आणि मग वळून म्हणाल्या, "लेका, तुला वार कळत न्हाई व्हय रं?" त्या दिवशी भाड्यातले पन्नास मी सोडले. तेव्हा पहिली गोष्ट ही की सोमवार सोडून या.

दुसरी गोष्ट म्हणजे सकाळी सातला किल्ल्यावर पोचा. सगळे सूर्यास्ताला रत्नदुर्गावर जातात, माझं उलट मत आहे. दुपारपर्यंत जांभा दगड असा तापतो की वर देवळात चपला काढल्यावर माणसं नाचत चालतात. किल्ला घोड्याच्या नालेसारखा, तीन बाजूंना समुद्र. शिवाजी महाराजांनी तो १६७० मध्ये घेतला, पुढे आंग्र्यांकडे होता. बालेकिल्ल्यात भगवतीचं देऊळ आहे, आणि दुसऱ्या टोकाला सिद्धबुरुजावर दीपस्तंभ. बरेचजण भगवतीला नमस्कार करून, फोटो काढून खाली येतात. तसं करू नका. तटावरून मिरकरवाडा बंदराच्या बाजूला जरा वेळ बघत उभे राहा. एकेक बोट आत शिरताना दिसते, आणि मागोमाग पक्ष्यांचा थवा.

तिथून खाली सरळ मिरकरवाड्याच्या जेटीवर. हे कुठल्या यादीत नसतं, कारण वास येतो. पण हे शहर जगतं कशावर ते इथे कळतं. लिलाव उभ्या उभ्या चालतो. टोपली ओतली की बायका आधी बांगड्याचा कल्ला उचलतात, लाल आहे का बघतात, अंगठ्यानं पोट दाबतात आणि मग तोंडातल्या तोंडात आकडा टाकतात. आपण मध्ये उभं राहायचं नाही, पाण्याचा नळ आणि बर्फाच्या गाड्या चुकवत कडेनं बघायचं. चपला रबरी घाला. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा जेटीवर जाळी विणणारेच दिसतील.

आता शहरात. टिळक आळीत लोकमान्यांचं जन्मघर आहे, २३ जुलै १८५६ चं. कौलारू, चिऱ्याचं, कोकणातल्या कुठल्याही बऱ्या घरासारखं, म्हणूनच मला आवडतं. ओटीवर दोन मिनिटं टेका, भर उन्हातसुद्धा आत गार असतं. वडील गंगाधरपंत शिक्षक. १८६६ मध्ये त्यांची पुण्याला बदली झाली आणि दहा वर्षांचा बाळ रत्नागिरीतून गेला. पुणेकर प्रवासी असले की हे मी मुद्दाम सांगतो.

पतितपावन मंदिर दहा मिनिटांत बघून होतं, पण त्याची गोष्ट माहीत असली पाहिजे. सावरकरांना १९२४ मध्ये सोडलं ते रत्नागिरी जिल्हा सोडायचा नाही या अटीवर, आणि ते १९३७ पर्यंत इथे अडकले. त्या काळात सगळ्या जातींना गाभाऱ्यापर्यंत जाता येईल असं देऊळ उभं राहिलं, १९३१ मध्ये. पैसा भागोजीशेठ कीरांचा. आत लक्ष्मीनारायण आहे. त्याआधी सावरकरांना ज्या तुरुंगात ठेवलं होतं तोही गावातच आहे, पण तो आजही चालू तुरुंग. परवानगीशिवाय आत सोडत नाहीत, उगाच दारात हुज्जत घालू नका.

दुपारी जेवून झोपा. खरंच. एक ते तीन या वेळात रत्नागिरीत फिरणारा एक तर पोस्टमन नाहीतर पर्यटक.

तीनला थिबा पॅलेस, आणि इथे मात्र घाई नको. मला गिऱ्हाईकं विचारतात, ब्रह्मदेशचा राजा थिबा इथे कशाला? उत्तर गाडीतूनच दाखवता येतं. पाठीशी सह्याद्री, समोर समुद्र, पावसाळ्यात बोटी बंद. ज्याला जगापासून लांब ठेवायचं त्याला इंग्रजांनी इथे आणून ठेवलं. १८८५ च्या नोव्हेंबरात त्याची राजधानी मंडाले पडली, राजा तेव्हा २६ वर्षांचा. पुढल्या वर्षी तो राणी आणि मुलींसह रत्नागिरीत उतरला. हा राजवाडा मात्र १९१० मध्ये झाला. १९१६ मध्ये राजा वारला. म्हणजे तीस वर्षांच्या कैदेत या वाड्यात जेमतेम सहा वर्षं. आधीची सगळी भाड्याच्या बंगल्यांत गेली. हे कळल्यावर माणसं जिन्यानं जरा हळू चढतात असं मी पाहिलंय.

खाली संग्रहालय आहे, ते जाता जाता बघा. वेळ द्यायचा तो वरच्या मजल्यावरच्या अर्धगोल लाकडी खिडक्यांना. नक्षी, रंगीत काचा आणि पलीकडे भाट्याची खाडी. उन्हं कलली की जमिनीवर काचांचे रंग पडतात. एकदा माझ्या गाडीतली पाच वर्षांची मुलगी त्या रंगांवर पाय ठेवत खोलीभर फिरली, तिचे आईबाप फलकच वाचत होते. पाचच्या आत निघा.

थिबाची समाधी शिवाजीनगरात आहे, आजूबाजूला घरं. राजा आणि त्याची धाकटी राणी शेजारी शेजारी. दुसरी रिक्षा असेल तर चालकाला आधीच सांगा, नाहीतर तो थेट थिबा पॉइंटवर नेईल. म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष २०१२ मध्ये इथे येऊन गेले, पण आपले लोक फिरकत नाहीत. आपला शेवटचा बादशहा रंगूनला कैदेत गेला नि तिकडचा शेवटचा राजा इकडे, ही अदलाबदल मला नेहमी विचित्र वाटते. थिबाची थोरली मुलगी ब्रह्मदेशात गेली, पण तिकडे न राहता रत्नागिरीलाच परत आली. तिची लेक टुटू इथेच वाढली, इथेच संसार केला. जुन्या माणसांना विचारा, ती राजाची नात म्हणून कुणी सांगत नाही, आमच्यातली एक बाई म्हणूनच सांगतात.

सूर्यास्त थिबा पॉइंटवरून. काजळी नदी खाडीत उतरते, भाट्याचा पूल दिसतो, पलीकडे समुद्र. तिथून मांडवी, म्हणजे आमचा काळा समुद्र, वाळू काळी म्हणून. पांढरा समुद्र मिऱ्याच्या बाजूला, पण तिथली वाळू लाटांनी बरीच खाल्ली, आता दगडांचा बंधाराच दिसतो. ते सोडा. मांडवीला भेळ खा, बंधाऱ्यावर बसा.

दिवसभराची रिक्षा केलीत तर भाडं सकाळीच ठरवा, जेटी आणि समाधी धरून. रात्रीची गाडी असेल तर मांडवीहून स्टेशनला अर्धा तास हाताशी ठेवा, स्टेशन गावाबाहेर आहे. आणि गणपतीपुळ्याला जायचंच असेल तर ते उद्या सकाळी. किती घेणार ते तेव्हा बोलू.