पानगळीच्या दिवसांत बालवर्गासाठी पानांचा एक उपक्रम

शरद ऋतूत बालवर्गातील मुलांना गळलेली पाने गोळा करायला सांगितल्यावर ती पाने लगेच कागदावर चिकटवून चित्र करून घेण्याची घाई करू नये. आधी ८-१० पाने प्रत्येक गटापुढे ठेवून त्यांची वाटणी कशी करायची हे मुलांनाच ठरवू द्यावे. कोणी रंग पाहील, कोणी आकार, तर एखादे मूल कडेच्या दातऱ्यांवर बोट फिरवून खरखरीत आणि गुळगुळीत असे दोन ढीग करील, आणि हे शेवटचे वर्गीकरण बहुधा शिक्षकांच्या मनातही आलेले नसते. ‘ही पाने एकत्र का ठेवलीस?’ एवढा एकच प्रश्न विचारावा, कारण गणिताची आणि भाषेची खरी तयारी त्या उत्तरातच होत असते.

त्यानंतर ठसा घ्यावा. पानाच्या मागच्या बाजूस शिरा अधिक उठावदार असतात, म्हणून ती बाजू वर ठेवून त्यावर पातळ कागद पसरावा आणि वेष्टन काढलेला मेणखडू आडवा धरून हलकेच घासावा. वाळून कुरकुरीत झालेली पाने मोडतात. त्यामुळे ताजी गळलेलीच घ्यावीत.

पाने पिवळी का होतात, असे मुलांनी विचारल्यास दिवस लहान व थंड होऊ लागले की पानांतील हिरवे द्रव्य कमी होते आणि आधीपासूनच दडलेला पिवळा रंग दिसू लागतो, इतके सांगणे पुरेसे आहे. अनोळखी किंवा विषारी झाडांची पाने मात्र मोठ्यांनी आधीच बाजूला काढावीत आणि शेवटी हात धुऊन घ्यावेत.