खारेपाटात आणि कातळावर पिकांच्या मुळांना जिवाणूंची सोबत कशी द्यावी

एप्रिलच्या शेवटी अलिबाग-पेणच्या खारेपाटात उभे राहिले की पायाखालची जमीन पांढरी दिसते, मीठ वर फुललेले असते. जुलैत त्याच जमिनीवर पाणी तुंबलेले असते. वर्षाला अडीच ते साडेतीन हजार मिलिमीटर पावसाच्या कोकणात पाण्याची टंचाई म्हटले की घाटावरचे पाहुणे हसतात. पण हा पाऊस जून ते ऑक्टोबर एवढ्यातच पडून जातो. पुढे वाल, चवळी, कुळीथ सगळे उरलेल्या ओलीवर जगते. खाडीकाठी मीठ आणि वर सड्यावर कातळावरची वीतभर माती, दोन्हीकडे पिकाचे दुखणे एकच असते. त्याला पाणी पुरत नाही.

खाऱ्या जमिनीत ओल असूनही पीक का सुकते? लोणच्यासाठी कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवले की त्यांना पाणी सुटते. मीठ पाणी ओढून घेते. मातीतल्या पाण्यात मीठ जास्त झाले की मुळांना ते पाणी आत घेणे तसेच जड जाते. शिवाय सोडियम मुळांत शिरतो आणि पालाशाची जागा अडवतो. अशा ताणात झाड इथिलीन हा वायुरूप संजीवक जास्त तयार करते. त्यामुळे मुळांची वाढ थांबते आणि पाने अवेळी पिवळी पडतात.

जिवाणूंची मदत इथेच होते. स्युडोमोनास आणि बॅसिलस यांच्या काही जाती मुळाभोवती राहतात आणि ज्या पदार्थापासून इथिलीन बनते तोच खाऊन टाकतात, म्हणून मूळ वाढत राहते. काही जिवाणू स्वतःभोवती चिकट थर करतात. तो थर ओल धरून ठेवतो आणि थोडा सोडियमही बांधतो. मायकोरायझा ही बुरशी मुळाच्या आत घर करते आणि केसाहून बारीक तंतू मातीत सोडते. मूळ पोचत नाही अशा फटींतले पाणी आणि स्फुरद हे तंतू आणून देतात, त्याबदल्यात झाड त्यांना साखर देते.

मात्र जिवाणू मीठ नाहीसे करत नाहीत. ते मुळाला तग धरायला बळ देतात, एवढेच. बांधाला खांड पडून उधाणाचे पाणी शेतात शिरत असेल तर आधी खांड बुजवायची, मग जिवाणू खताच्या पाकिटाचा विचार करायचा.

पहिले काम: माती तपासा

नमुना उन्हाळ्यात, पावसाच्या आधी घ्या. तेव्हा मीठ सर्वांत वर असते. शेतात नागमोडी चालत सात-आठ ठिकाणी वीतभर खोल खड्डे घ्या, कडेची माती तासून एकत्र करा आणि सावलीत वाळवून अर्धा किलो प्रयोगशाळेत द्या. सामू (जमीन आम्ल की अल्कधर्मी ते सांगणारा) आणि विद्युत वाहकता (ई.सी., मीठ किती ते सांगणारी) हे दोन आकडे मागा. ई.सी. कोणत्या पद्धतीने काढली हेही विचारा. संपृक्त अर्काची, म्हणजे मातीचा पाण्याने पूर्ण भिजलेला लगदा करून त्यातून काढलेल्या पाण्याची असेल, तर ४ डेसिसायमन प्रति मीटरच्या वर जमीन खार धरतात, आणि भाताचे उत्पन्न ३ च्या पुढेच घटू लागते. एक भाग माती आणि दोन-अडीच भाग पाणी घेऊन काढलेला आकडा त्याच मातीसाठी बराच लहान येतो. दोन्हींची गल्लत झाली तर खार जमीनही चांगली वाटते.

दुसरे काम: पावसाला मीठ धुऊ द्या

उघडीची, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराची, झडप जूनआधी दुरुस्त करा. भरती आत येऊ नये आणि ओहोटीला शेतातले पाणी बाहेर जावे, हे तिचे काम. पहिल्या जोरदार पावसाचे पाणी बांधात अडवा, चिखल ढवळून काढून टाका आणि शक्य असेल तर पुन्हा तसेच करा. आपले वाडवडील लावणीआधी हेच करत. खार जमिनीसाठी बियाणेही त्याच जमिनीचे घ्या. पनवेलचे खारभूमी संशोधन केंद्र हे दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे आहे. तिथून आलेले पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ हे वाण याच जमिनीसाठी आहेत. मीठ सोसणारा वाण आणि धुतलेली जमीन एवढे हातात असेल तरच पुढचा खर्च करा.

तिसरे काम: कोणते पाकीट घ्यायचे

भाताला ॲझोस्पिरिलम हे हवेतला नत्र बांधणारे जिवाणू आणि स्फुरद विरघळवणारे जिवाणू घ्यावेत. नत्र बांधणाऱ्याच ॲझोटोबॅक्टरची शिफारस सर्रास केली जाते, पण आम्ल जमीन त्याला मानवत नाही आणि आपली जांभ्याची माती बहुतेक ठिकाणी आम्लच आहे. सामू ६ च्या खाली असेल तर मी ॲझोस्पिरिलमच निवडेन. वाल, चवळी, कुळीथ यांना चवळी गटाचे रायझोबियम, म्हणजे मुळांवरच्या गाठींत राहून नत्र बांधणारे जिवाणू लागतात. हरभऱ्याचे पाकीट वालाला लावून काही उपयोग नाही, गाठी धरत नाहीत. मायकोरायझा कलमांना, मिरची-वांग्याला आणि कडधान्यांना द्या. पाणी साचलेल्या भातखाचरात हवा नसते, तिथे ती नीट वाढत नाही. मोहरी, मुळा, कोबी या वर्गातील पिकांशी तिचे जुळतच नाही, तेव्हा त्यांच्यावर पैसे घालवू नका.

पाकिटावर जिवाणूचे नाव, पीक, तयार केल्याची व मुदतीची तारीख आणि जिवंत जिवाणूंची संख्या पाहा. खत नियंत्रण आदेशात २००६ पासून जिवाणू खतेही आली आहेत. त्यानुसार पावडरीत दर ग्रॅमला किमान ५ कोटी आणि द्रवात दर मिलिलिटरला किमान १० कोटी जिवंत पेशी असायला हव्यात. पावडर साधारण सहा महिन्यांत निकामी होते, द्रवरूप जास्त टिकते.

हे मी नुकसान सोसून शिकलो. एका वर्षी मेमध्येच पाकिटे आणली आणि जुलैपर्यंत पडवीत, पत्र्याखाली ठेवली. मुदत शिल्लक होती, लावणीही वेळेवर झाली, पण वापरलेल्या आणि न वापरलेल्या खाचरांत तिळाएवढाही फरक दिसला नाही. मेच्या उन्हात तापलेल्या पत्र्याखाली ते जिवाणू केव्हाच मेले असणार. तेव्हापासून पाकीट वापरायच्या आठवड्यातच आणतो आणि माठाशेजारी गारव्याला ठेवतो. दुकानात ती उन्हात मांडलेली दिसली तर तशीच सोडून पुढे जातो.

भात: बियाण्यापासून लावणीपर्यंत

१० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात भात टाका. तरंगलेले फोल काढा आणि तळाचे बी स्वच्छ पाण्याने दोनदा धुऊन सावलीत सुकवा. हे धुणे टाळू नका, मिठाचा अंश राहिला तर पुढे लावलेले जिवाणू दुबळे होतात. रासायनिक बुरशीनाशक लावायचे असेल तर आधी लावा आणि सुकू द्या. जिवाणू नेहमी शेवटी. ट्रायकोडर्मा ही रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी लावणार असाल तर त्याच बियाण्याला रासायनिक बुरशीनाशक लावू नका.

एक लिटर पाण्यात १२५ ग्रॅम गूळ उकळून पूर्ण गार करा. १० किलो बियाण्यासाठी २५० ग्रॅम पावडर घ्या, बी जेमतेम ओले होईल एवढे गुळाचे पाणी मिसळा आणि हलक्या हाताने चोळा. सावलीत अर्धा-पाऊण तास सुकवून त्याच दिवशी पेरा. नळाच्या पाण्यात क्लोरीन असेल तर रात्रभर उघडे ठेवून मग वापरा.

आता राबाबद्दल. कवळ, शेण, पालापाचोळा पसरून जमीन भाजली की तण मरते, तरवाही (लावणीची रोपेही) जोमदार दिसतो, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या लोक राब भाजत आले. पण त्या आगीत वरच्या बोटभर मातीतले जीवही जळतात. ज्या जागी आपण जिवाणू नेऊन सोडणार तीच जागा आधी भाजणे मला पटत नाही. राब सोडणे जमत नसेल तर निदान गादीवाफ्यात पेरणीआधी चांगले कुजलेले शेणखत मिसळा. भाजलेली माती गार होऊन एक पाऊस होईपर्यंत जिवाणू टाकू नका.

लावणीच्या दिवशी उपयोगी पडते ते मुळे बुडवणे. एका एकरासाठी ॲझोस्पिरिलम आणि स्फुरद जिवाणू प्रत्येकी अर्धा ते एक किलो घेऊन टबात किंवा खाचराच्या कोपऱ्यातल्या खड्ड्यात पाण्यात कालवा. तरव्याच्या जुड्यांची मुळे त्यात २० ते ३० मिनिटे बुडवून ठेवा आणि लगेच लावा. खार जमिनीत रोप थोडे मोठे झालेले, २५ ते ३० दिवसांचे असावे आणि चुडात चार-पाच रोपे धरावीत. कोवळे रोप मीठ सोसत नाही. युरियाचा हप्ता आठवडाभराने द्या. जिवाणू आणि रासायनिक खत एकाच घमेल्यात कधीही कालवू नका.

भातानंतर: वाल, चवळी, मिरची

माझ्या मते सगळ्यात मोठा फायदा इथे आहे. ओल दिवसेंदिवस खाली जात असते, मीठ वर येत असते आणि मुळाला दोन्हींशी झगडावे लागते. कडधान्याच्या बियाण्याला रायझोबियम आणि स्फुरद जिवाणू वर सांगितलेल्या पद्धतीनेच लावा आणि पेरणीच्या ओळीत शेणखतात कालवलेली मायकोरायझा पाकिटावर दिलेल्या प्रमाणात टाका. ती मुळाला चिकटायला हवी, वर फेकून उपयोग नाही. सुपर फॉस्फेट भरपूर ओतले तर झाडाला बुरशीची गरज उरत नाही आणि ती मुळात शिरत नाही, म्हणून तिथे हात आखडता घ्या. ओळींमध्ये पेंढा किंवा गवत अंथरा. ओल टिकते आणि मीठ वर चढणे मंदावते.

पेरणीनंतर महिना-सव्वा महिन्याने दोन रोपे मातीसकट उपटून गाठी पाहा. गाठ नखाने फोडल्यावर आत लालसर दिसली तर नत्र बांधले जाते आहे. पांढरी किंवा हिरवट असेल तर नाही.

सड्यावर आंबा-काजूची कलमे लावताना खड्ड्यात, अगदी मुळांना टेकेल अशी सुमारे ५० ग्रॅम मायकोरायझा टाका आणि पहिली दोन वर्षे आळ्यात जाड आच्छादन ठेवा. सुपारीच्या बागेत कोळेरोगासाठी (फळे कुजण्याच्या रोगासाठी) मोरचूद-चुन्याचे बोर्डो मिश्रण फवारले जाते, त्यातले तांबे ठिबकून मुळाशी उतरते. फवारणी आणि जिवाणू यांत काही आठवडे अंतर असू द्या.

मायकोरायझा घरी वाढवणे

विकतच्या पावडरीपेक्षा आपल्याच जमिनीत तगलेली बुरशी आपल्या मिठाला आणि उन्हाला सरावलेली असते. खाऱ्या बांधावर उन्हाळ्यातही हिरवे राहिलेले गवत शोधा आणि त्याच्या मुळांभोवतीची दोन-तीन किलो माती मुळांसकट घ्या. ज्या बांधावर मर किंवा मूळकूज झाली असेल तिथली घेऊ नका, रोगही सोबत येतो. कांदळवनातली माती किंवा झाड तर मुळीच आणू नका. तिवरांमुळेच आपला बांध लाटांपासून वाचतो आणि ती तोडणे गुन्हा आहे.

अर्धी वाळू आणि अर्धी माती असे मिश्रण उकळत्या पाण्याने ओले करून झाका, गार झाले की पिशव्यांत भरा. मध्ये दोन मुठी आणलेली माती घालून वर नाचणी किंवा मका पेरा. रासायनिक स्फुरद देऊ नका. साधारण तीन महिने वाढवा, शेवटचे दहा दिवस पाणी तोडा. झाड वरून कापा, मुळे बारीक चिरून त्याच मातीत मिसळा आणि सावलीत कोरडी ठेवा. तुमचे विरजण तयार झाले. पुढच्या हंगामात प्रत्येक रोपाला मूठभर पुरते.

या सगळ्यांना खाद्य लागते. शेणखत, गांडूळखत, गिरिपुष्पाचा पाला, खार सोसणारे धैंचा हे हिरवळीचे पीक, यांतले काहीतरी दरवर्षी जमिनीत गेले पाहिजे. नाहीतर नवे जिवाणू उपाशीच राहतात.

फरक कसा ओळखायचा

पहिल्या वर्षी सगळ्या शेतात वापरू नका. एकच खाचर निवडा, मधोमध खुंट्या रोवून सुतळी बांधा, अर्ध्याला जिवाणू द्या आणि अर्ध्याला नाही. बाकी खत, पाणी, बियाणे, दिवस सारे सारखे ठेवा. दुपारी कोणत्या बाजूची पाने आधी मलूल होतात ते वहीत लिहा. वालाची काढणी झाली की दोन्ही अर्ध्यांच्या शेंगा वेगळ्या पोत्यांत भरा आणि पोपटीला (मडक्यात भाजायला) एक शेंगही काढण्याआधी दोन्ही पोती ताजव्यावर तोला.