सोमवारपर्यंत म्हणजे नक्की कधी? क्रियाविशेषणांच्या या चुका टाळा

भाषांतराच्या कामाला लागले तेव्हा पहिली काही वर्षं मी इंग्रजी मेलमध्ये ‘आय विल सेंड द फाइल टिल मंडे’ असं बिनदिक्कत लिहायचे. मनात वाक्य असायचं ‘फाइल सोमवारपर्यंत पाठवते’, आणि ‘पर्यंत’ म्हणजे ‘टिल’ हे तर शाळेतच घोकलेलं. मेल ज्या जर्मन माणसाला जायची त्याने कधी हूं की चूं केलं नाही. एकदा त्याच मेलमध्ये लंडनच्या एक बाई जोडलेल्या होत्या. त्यांनी अगदी सौम्य शब्दांत विचारलं, सोमवारनंतर तुम्ही फाइल पाठवणं बंद करणार का? मला आधी प्रश्नच कळला नाही. कळला तेव्हा जुन्या सगळ्या मेल उघडून बघायचं धाडस झालं नाही.

क्रिया कधी, कुठे, कशी होते ते सांगणारा शब्द किंवा तुकडा म्हणजे क्रियाविशेषण, आणि ‘सोमवारपर्यंत’ हा तसाच एक तुकडा. त्यातला घोळ असा आहे. ‘दुकान सोमवारपर्यंत बंद आहे’ आणि ‘बिल सोमवारपर्यंत भरा’ या दोन्ही वाक्यांत आपण एकच ‘पर्यंत’ वापरतो. पहिल्यात बंद असणं सोमवारपर्यंत ताणलेलं आहे. दुसऱ्यात भरणं एकदाच होणार आहे, सोमवारच्या आत कधीही. हा फरक मराठीत क्रियापद सांभाळतं, म्हणून ‘पर्यंत’वर भार पडत नाही. हिंदीतल्या ‘तक’चंही तेच. जर्मनमधलं ‘बिस’सुद्धा दोन्हीकडे चालतं, त्यामुळे त्या जर्मन माणसाला माझ्या वाक्यात काही खटकलंच नसावं. इंग्रजीत मात्र ताणलेल्या क्रियेला ‘टिल’ आणि मुदतीला ‘बाय’. जपानीत दोन्हींत फरक एका इवल्याशा ‘नि’चा: ‘गेत्सुयोबी मादे’ म्हणजे सोमवारपर्यंत सलग, ‘गेत्सुयोबी मादे नि’ म्हणजे सोमवारच्या आत. इंग्रजी किंवा जपानी लिहिताना ‘पर्यंत’ आला, की क्रिया तोवर चालू राहणार आहे की मध्येच एकदा उरकणार आहे, एवढं स्वतःला विचारायचं.

याच ‘पर्यंत’च्या शेजारची चूक म्हणजे ‘अनटिल ही डझंट कम’. आपण ‘तो येत नाही तोवर मी जेवणार नाही’ असं म्हणतो, त्यातला पहिला ‘नाही’ इंग्रजीत घुसतो. मराठी वाक्य आधी ‘तो येईपर्यंत’ असं करून घ्या, ‘नाही’ आपोआप गळून पडतो.

‘बाय’ दिसला की ‘द्वारे’

आता उलट्या दिशेने. इंग्रजीतून मराठीत येताना सगळ्यात जास्त छळ होतो तो ‘द्वारे’ आणि ‘च्या माध्यमातून’ या जोडगोळीचा. ‘आपण बसद्वारे येऊ शकता’, ‘फोनच्या माध्यमातून संपर्क साधा’. अशी मराठी घरात कोण बोलतं? आपण बसने येतो, पायी जातो, फोनवर बोलतो, व्हॉट्सॲपवर फोटो पाठवतो आणि पत्र पोस्टाने टाकतो. इंग्रजीतला एकच ‘बाय’ मराठीत किती वेषांत येतो बघा: बाय ट्रेन म्हणजे ट्रेनने, बाय द रिव्हर म्हणजे नदीकाठी, बाय मिस्टेक म्हणजे चुकून, बाय हार्ट म्हणजे तोंडपाठ. एकात तृतीयेचा प्रत्यय, एकात सप्तमीचा, एकात ‘ऊन’ लागलेलं कृदन्त, म्हणजे क्रियापदापासून बनलेला शब्द, आणि शेवटचा तर नुसता समास. त्या एका शब्दाला मराठीत एकच शब्द शोधत बसलं तर हाती ‘द्वारे’ येणारच. त्यापेक्षा अख्खा तुकडा घ्यायचा आणि तो कशाचं उत्तर देतोय ते पाहायचं: कधी, कुठे, कसं, कशाने, का? त्या प्रश्नाला आपण घरी जे उत्तर दिलं असतं, ते लिहायचं.

‘पणे’ची साथ

इंग्रजी क्रियाविशेषणाच्या शेवटी ‘ली’ दिसलं, की भाषांतरकार डोळे मिटून ‘पणे’ किंवा ‘रीत्या’ चिकटवतो. ‘अचानकपणे’, ‘सावकाशपणे’, ‘वारंवारपणे’. अहो, अचानक, सावकाश, वारंवार हे शब्द मुळातच क्रियाविशेषणं आहेत. टोपीवर टोपी कशाला? ‘नियमितपणे’ चालतं, कारण ‘नियमित’ हे विशेषण आहे. ‘रीत्या’ हा ‘रीति’ शब्दाच्या संस्कृत तृतीयेचा साचा आहे, त्याचा अर्थच ‘रीतीने’. म्हणून ‘रीत्याने’ लिहिणं म्हणजे ‘रीतीनेने’ लिहिणं. आणि ‘री’ दीर्घ. ‘रित्या’ म्हणजे रिकाम्या, जशा रित्या घागरी.

त्याहून मोठी गोष्ट अशी, की मराठीत पुष्कळ क्रियापदं नाम अधिक ‘करणे’ अशी बनतात: निषेध करणे, स्वागत करणे, विरोध करणे. तिथे इंग्रजीचं क्रियाविशेषण मराठीत विशेषण होऊन त्या नामाआधी बसतं. ‘तीव्रपणे निषेध केला’ हे पोटात न रुचणारं वाक्य ‘तीव्र निषेध केला’ म्हटलं की सरळ होतं. कधी वेगळं कृदन्तच धावून येतं: चौकशी ‘सखोलपणे’ कशाला करायची, ती कसून करावी.

आणि मराठीची खरी श्रीमंती कुठे असेल, तर ती या खान्यात. पाणी घटाघटा प्यायचं, दार धाडकन आपटायचं, लहान मूल टकामका बघतं. रडण्याचेच प्रकार मोजा: मुळूमुळू, हमसून हमसून, ओक्साबोक्शी, धाय मोकलून. शेवटच्या दोहोंतला फरक ज्याला कळतो त्याला ‘ती अत्यंत दुःखीपणे रडली’ असं लिहवणारच नाही. हसणं खुदकन वेगळं, खदाखदा वेगळं, गालातल्या गालात वेगळं. जपानी शिकताना मला याच खिडकीतून घरचं काहीतरी दिसलं. तिथे पाऊस जोरात असला तर ‘झाझा’ पडतो, हळू असला तर ‘शितोशितो’. आपला रिपरिप नि धो धो पडणारा पाऊस आठवल्याशिवाय राहत नाही. अशा जपानी शब्दाला मराठीत आणताना ‘जोरदारपणे’ लिहिणारा माणूस पाहिला, की वाटतं, अरे, तुझ्याच घरात भरलेला डबा आहे की!

‘पुण्याला पोहोचून पाऊस सुरू झाला’

पोहोचलं कोण? पाऊस? ‘ऊन’ लागलेल्या कृदन्ताचा कर्ता आणि मुख्य क्रियापदाचा कर्ता साधारणपणे एकच असतो. ‘पुण्याला पोहोचून आम्ही जेवलो’ ठीक. पावसाचं मात्र ‘पुण्याला पोहोचल्यावर पाऊस सुरू झाला’. ‘चहा पीत बस सुटली’ यातही बस चहा पिते. नियम म्हणून हे एवढं पक्कं डोक्यात बसवलं, तरी ‘बाबांना जाऊन तीन वर्षं झाली’ हे वाक्य कुणी चुकीचं ठरवायला जाऊ नये. काळाचं मोजमाप सांगणारी ही रचना मराठीत रुळलेली आहे. तिथे कर्ता वेगळा असूनही वाक्य अस्सल आहे. मी एका नवशिक्या संपादकाला हे वाक्य ‘बाबा गेल्यानंतर तीन वर्षं झाली’ असं सुधारताना पाहिलंय. वाक्यातला जीवच गेला.

‘ताना’चा त्रास थोडा वेगळा. ‘मी तिला देवळातून येताना पाहिलं’ यात देवळातून कोण येत होतं? दोन्ही अर्थ लागतात. ‘देवळातून येताना मी तिला पाहिलं’ असं पुढे घेतलं तर माझ्याकडे झुकतं, पण पक्कं होत नाहीच. कोर्टकचेरीच्या कागदात किंवा तक्रारीत असं वाक्य असेल तर ‘ताना’ सोडून ‘मी देवळातून येत होते तेव्हा’ असं मोकळं लिहावं.

कसा, कशी, कसं

मराठी शिकणाऱ्या हिंदी भाषकांकडून हमखास होणारी चूक: ‘ती कसं आली?’ त्यांच्याकडे ‘कैसे’ हा न बदलणारा शब्द आहे. आपल्याकडे तो कसा आला, ती कशी आली. तो चांगला गातो, ती चांगली गाते. हिंदीत मात्र ‘वह अच्छा गाती है’. तो आडवा पडला, ती आडवी पडली. क्रियाविशेषण अव्यय असतं, बदलत नाही, असं आपण शाळेत शिकतो. ही मंडळी काम क्रियाविशेषणाचं करतात आणि विशेषणासारखी कर्त्याबरोबर वळतात.

जागा

‘मी उद्या लग्नासाठी ट्रेनने नाशिकला जातेय.’ कधी, का, कसं, कुठे. जर्मनच्या वर्गात हाच क्रम ‘टेकामोलो’ म्हणून पाठ करून घेतात: टेम्पोराल, काउझाल, मोडाल, लोकाल. मराठी माणसाला तो फुकटात मिळालेला आहे. इंग्रजीत तो उलटा फिरतो, टू नाशिक बाय ट्रेन टुमॉरो. जर्मनमध्ये आपण फसतो ते दुसरीकडे. ‘उद्या मी जाते’ या चालीवर ‘मॉर्गेन इश फारे’ म्हणून मोकळे होतो. तिथे क्रियापदाची खुर्ची दुसरी, म्हणून ‘मॉर्गेन फारे इश’. आणि दुसरी म्हणजे दुसरा शब्द नव्हे. ‘नेक्स्टे वोखे फारे इश’, म्हणजे पुढच्या आठवड्यात मी जाते, यात पहिले दोन शब्द मिळून एक खुर्ची. बोटं मोजत बसलेला विद्यार्थी इथे नेमका घसरतो.

जपानीत जागेचं भांडण ‘नि’ आणि ‘दे’चं. आपला ‘त’ दोन्ही कामं करतो: ती वाचनालयात आहे, ती वाचनालयात अभ्यास करते. तिथे नुसतं असणं असेल तर ‘तोशोकान नि’, काही करणं असेल तर ‘तोशोकान दे’. उलट वेळेच्या बाबतीत मराठी कान उपयोगी पडतो. ‘सोमवारी’ म्हणताना आपण प्रत्यय लावतो, ‘काल’ला लावत नाही; जपानीतही ‘गेत्सुयोबी नि’, पण ‘किनो’ नुसतं.

राहता राहिला ‘परवा’. हिंदीतला ‘कल’ काल की उद्या यावर आपण हसतो, आणि आपला परवा मात्र मागेही जातो, पुढेही. क्रियापद सोबत असेल तर अडत नाही. पण ‘बैठक परवा’ एवढाच निरोप ग्रुपवर टाकला, आणि तो कुणी इंग्रजीत करून पुढे पाठवला, तर? आमच्या ग्रुपवर असा एक निरोप आला होता. तिघांनी विचारलं, झाली का बैठक? तेव्हापासून मी निरोपात ‘परवा’ही लिहीत नाही आणि ‘सोमवारपर्यंत’ही. तारीख लिहिते, पुढे वाजले किती तेही.