नाण्यावर दुहेरी अक्षर दिसलं? आधी या चुका टाळा

मला नाण्यांचे फोटो येत राहतात. अमेरिकेच्या सेंटवरच्या तारखेभोवती लाल वर्तुळ काढलेलं असतं आणि खाली प्रश्न असतो, "हा डबल्ड डाय आहे ना?" म्हणजे, साच्यातच चित्र दोनदा उमटल्यामुळे दुहेरी दिसणारं नाणं. त्या शेवटच्या 'ना'मधून कळतं की उत्तर आधीच ठरलंय, आता फक्त होकार हवाय. बहुतेक वेळा मला नाही म्हणावं लागतं आणि कारणं तीच ती असतात. म्हणून ती एकदा सविस्तर लिहिते आहे.

साचा कसा तयार होतो हे न शिकताच भिंग हातात घेणं

माझ्या मते सगळ्यात मोठी चूक हीच. पुढच्या निम्म्या चुका हिच्यातूनच निघतात.

नाण्याचा साचा, म्हणजे डाय, पोलादी ठशाने दाबून करतात. त्या ठशाला हब म्हणतात. हबवर चित्र उठावदार असतं, ते मऊ केलेल्या पोलादात दाबलं की खोलगट साचा मिळतो. जुन्या पद्धतीत एका दाबात पूर्ण चित्र उतरत नसे. पहिल्या दाबाने पोलाद कडक व्हायचं, मग ते तापवून पुन्हा मऊ करायचं आणि दुसऱ्यांदा हबखाली ठेवायचं. या दुसऱ्या वेळी साचा केसभर जरी फिरला, तरी त्यात दोन चित्रं कोरली जातात. हाच डबल्ड डाय. दोष साच्यात आहे, म्हणून त्या साच्यातून पडलेल्या प्रत्येक नाण्यावर तेच दुहेरीपण, त्याच जागी आणि तितकंच येतं.

फिलाडेल्फियाच्या टांकसाळीतला १९५५चा लिंकन सेंट हे याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण. तिथे दुसऱ्या दाबाच्या वेळी साचा मध्याभोवती थोडा फिरलेला होता. म्हणून काठाजवळची अक्षरं आणि तारीख नुसत्या डोळ्यांना दुहेरी दिसतात, पण मधल्या लिंकनच्या चेहऱ्यावर फारसं काही जाणवत नाही. चूक लक्षात येईपर्यंत ती नाणी चांगल्या नाण्यांच्या ढिगात मिसळली होती. साधारण वीस ते चोवीस हजार बाहेर गेली असं मानतात. त्यातली बरीचशी सिगारेटच्या यंत्रातल्या पाकिटांसोबत सुट्टे पैसे म्हणून लोकांच्या हाती आली.

या सगळ्यातून मी एकच प्रश्न उचलला आणि तो प्रत्येक नाण्याला विचारते: इथे धातूची भर पडली आहे, की असलेला धातू चेपला आणि सरकला आहे? खऱ्या डबल्ड डायमध्ये साच्यातली पोकळीच वाढलेली असते, त्यामुळे नाण्यावरचं अक्षर नेहमीपेक्षा रुंद होतं. साच्याचा ठोका मारून नाणं छापतात; त्या ठोक्यानंतरच्या सगळ्या इजांमध्ये मूळ अक्षरातूनच काहीतरी जातं किंवा हलतं.

साचा हलल्याची खूण डबल्ड डाय समजणं

छापण्याच्या यंत्रात साचा किंचित सैल असेल तर ठोका बसल्यावर तो उसळतो किंवा बाजूला घसरतो, आणि नुकत्याच उठलेल्या अक्षराची कड चेपून जातो. याला स्ट्राइक डबलिंग किंवा मेकॅनिकल डबलिंग म्हणतात. हे टांकसाळीतच घडतं, पण साच्यात दुसरं चित्र नसतं. त्याचं प्रमाण प्रत्येक नाण्यावर वेगळं असतं आणि संग्राहक त्याला वेगळी किंमत देत नाहीत.

मी या खड्ड्यात पडले ते १९६९च्या एस खुणेच्या सेंटमुळे. एस ही सॅन फ्रान्सिस्कोच्या टांकसाळीची खूण. त्या वर्षीच्या एस सेंटचा खरा डबल्ड डाय अतिशय दुर्मिळ आहे हे मला माहीत होतं. सुट्ट्या नाण्यांच्या ढिगात एक सेंट सापडला, तारखेच्या प्रत्येक आकड्याला खाली दुसरी रेघ. रात्रभर मी तो बघत बसले. पुढचे तीन आठवडे त्याच्यासाठी वेगळी डबी, वेगळा कागद, दहा-बारा कोनांतून फोटो, असं सगळं केलं. शेवटी माझ्याहून कितीतरी अनुभवी असलेल्या एका संग्राहकांना ते फोटो पाठवले. त्यांचं उत्तर एका ओळीचं होतं: "तारीख राहू दे, एस दाखव."

एस दाखवला. तोही तारखेइतकाच आणि त्याच दिशेला दुहेरी होता. विषय तिथेच संपला.

कारण असं की त्या काळी टांकसाळीची खूण हबवर नसायची. साचा तयार झाल्यावर ती प्रत्येक साच्यावर हाताने ठोकून उमटवत. सेंटच्या बाबतीत १९८९पर्यंत हीच पद्धत होती. हबच्या चुकीमुळे तारीख आणि अक्षरं दुहेरी झाली, तरी नंतर ठोकलेला एस त्या चुकीत सापडणार कसा? खऱ्या १९६९च्या डबल्ड डायवर तो एकेरीच असतो. तारखेसोबत एसही तसाच सरकलेला दिसला, तर हलला तो छापणारा साचा. एस हाताने दोनदा ठोकला गेला असेल तर तोही दुहेरी दिसू शकतो, पण तो वेगळा प्रकार आहे आणि तेव्हा तारखेचा त्याच्याशी संबंध नसतो.

तेव्हापासून हाताने खूण ठोकण्याच्या काळातलं नाणं हातात आलं की मी आधी टांकसाळीची खूण बघते आणि मगच तारीख. फिलाडेल्फियाच्या त्या काळच्या सेंटवर खूणच नाही. तिथे अक्षरांची टोकं बघावी लागतात. डबल्ड डायमध्ये दोन्ही प्रतिमा गोलसर आणि भरीव असतात, आणि त्या जिथे वेगळ्या होतात तिथे अक्षराच्या टोकाला छोटी खाच दिसते. साचा हलल्याची खूण म्हणजे सपाट, चकचकीत पायरी. ती अक्षराच्या कडेला खालच्या पातळीवर असते आणि पायरी सोडून उरलेलं मूळ अक्षर नेहमीपेक्षा बारीक भासतं. मी पेन्सिलने ते अक्षर कागदावर मोठं काढते. काढताना पायरी कुठे संपते हे ठरवावंच लागतं, आणि तिथे डोळ्यांची चलाखी चालत नाही. याला वेळ लागतो, आणि ज्यांना पाच मिनिटांत निकाल हवा असतो त्यांना मी हेच काम आधी करायला सांगते.

झिजलेल्या साच्याची सूज

लाखो ठोके खाल्लेल्या साच्याच्या अक्षरांच्या कडा झिजतात. मग नाण्यावर अक्षरं सुजल्यासारखी येतात, बाजूला धूसर सावली पडते आणि मोकळ्या भागावर काठाकडे जाणाऱ्या बारीक रेषा दिसतात. १९५५च्याच काही सेंटवर शेवटचा पाच असा दुहेरी भासतो. त्याला 'गरिबाचा डबल्ड डाय' असं नाव पडलं आणि या नावाने नवख्यांची आजवर फार दिशाभूल केली आहे. तो झिजलेला साचा आहे. नाव आकर्षक असलं म्हणून वस्तू बदलत नाही. खऱ्या दुहेरीपणात दोन कडा स्पष्ट मोजता येतात. इथे फक्त पसरट सूज असते.

मुलाम्याच्या भेगा

१९८२ साली अमेरिकेत तांब्याऐवजी जस्ताचे सेंट पाडायला सुरुवात झाली, वर तांब्याचा पातळ मुलामा. अक्षराच्या कडेला हा मुलामा ताणून फाटला की खालचं जस्त रुपेरी रेघेसारखं दिसतं. त्या रेघेला उंची नसते. प्रकाश फिरवा, लगेच कळेल.

दोनशे पट मोठं करून बघणं

संगणकाला जोडायचा सूक्ष्मदर्शक आणून पहिल्याच दिवशी शोध लावणारे माझ्या मनात चिंता निर्माण करतात. इतकं मोठं केल्यावर प्रत्येक ओरखडा दरी होतो आणि दिव्याची चमक दुसरी कड होते. माझ्याकडे दहापट दाखवणारं हातातलं भिंग आहे, बहुतेक काम मी पाचपटीवरच करते. दिवा एका जागी ठेवते आणि नाणं बोटांत फिरवते. कोन बदलल्यावर जी रेघ नाहीशी होते ती प्रकाशाची होती.

नेहमीची इजा

नाणं दुसऱ्या नाण्यावर दाबलं गेलं तर त्यावर उलटी, आत गेलेली अक्षरं उमटतात. नाण्यांच्या गुंडाळ्या करणाऱ्या यंत्राने गोलाकार ओरखडा पडतो. कपडे वाळवायच्या यंत्रात अडकून फिरलेल्या नाण्याची कड आत वळते आणि अक्षरं आखडतात. यातलं काहीही साच्यात घडलेलं नाही.

डबल स्ट्राइक आणि डबल्ड डाय यांची सरमिसळ

डबल स्ट्राइक म्हणजे एकाच नाण्यावर दोनदा ठोका. साचा ठीक असतो. हे वाक्य पाठ करा.

घासून 'स्पष्ट' करणं

नाणं घासू नका. अक्षराच्या टोकाची खाच हाच पुरावा असतो आणि घासल्यावर आधी तीच जाते. काळं पडलेलं नाणं काळंच ठेवा.

नव्या वर्षांची नाणी आधीच सोडून देणं

ही उलट्या बाजूची चूक. अमेरिकेत १९९०च्या दशकाच्या अखेरीस एकाच दाबात साचा करायची पद्धत आली, म्हणून पुढे डबल्ड डाय मिळणार नाहीत असं काहीजण मानून बसले. तरीही दाबताना साचा किंचित कललेला असेल तर दुहेरी चित्र येतंच, फक्त ते बहुतेकदा मध्यभागी येतं. २००९च्या सेंटवर ओंडक्यावर बसून पुस्तक वाचणारा लिंकन आहे, आणि त्याच्या हाताला जास्तीची बोटं दिसणारे साचे नोंदले गेले आहेत. काठाची अक्षरं बघून नाणं बाजूला ठेवणाऱ्यांना ती बोटं दिसणार नाहीत. त्याआधीच्या, १९८४च्या काही सेंटवर लिंकनच्या कानाखाली दुसरी पाळी आहे, तीही अशीच नजरेतून निसटते.

नोंदलेल्या साच्याशी न जुळवणं

दुहेरीपण पटलं तरी काम उरतंच. प्रत्येक साच्यावर स्वतःचे बारीक ओरखडे असतात आणि ते नाण्यावर उतरतात. खऱ्या १९५५च्या डबल्ड डायच्या मागच्या बाजूला 'सेंट' शब्दातल्या टी अक्षराच्या डावीकडे अशा बारीक उभ्या रेषा आहेत. त्याच्या नकली प्रती झाल्या आहेत, म्हणून मी तिथे बघितल्याशिवाय पुढे जात नाही. वजनही करते: जुना तांब्याचा सेंट ३.११ ग्रॅम, जस्ताचा २.५ ग्रॅम.

मला फोटो पाठवायचा असेल तर दोन्ही बाजू पूर्ण दाखवा, टांकसाळीची खूण जवळून घ्या आणि वजन लिहा. लाल वर्तुळ काढू नका, ते नेमकं खाचेवर येतं.