गोधडी पुन्हा पुन्हा बिघडतेय? उसवण्याआधी या चुका टाळा

तीच टीप चौथ्यांदा उसवली तेव्हा कापडाच्या कडेला दशा सुटल्या होत्या. नऊ-नऊ तुकडे जोडून केलेल्या दोन चौकोनांचे, म्हणजे ठोकळ्यांचे, जोड समोरासमोर येत नव्हते, एवढंच झालं होतं. उसवायचं, ओढून टाचण्या लावायच्या, पुन्हा शिवायचं, आणि जोड पुन्हा सरकलेलाच. डोळ्यांत पाणी यायची वेळ आली. शेवटी दोन्ही ठोकळे पट्टीखाली धरले. एक भरला साडेसहा इंच, दुसरा सव्वासहा. दुसरा ठोकळा मी मशीनचा फूट, म्हणजे सुईखाली कापड दाबून धरणारा भाग, बदलल्यानंतर शिवला होता. जी टीप मी चारदा उसवली तिचा काहीच दोष नव्हता, चूक तिच्या आधीच्या टिपांत होती.

गोधडीच्या कामातला वैताग बहुतेक वेळा असाच असतो. बिघाड दिसतो एका जागी, झालेला असतो एक पायरी मागे. म्हणून पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे

रागाच्या भरात उसवणं

राग आला की आपण दोन तुकडे दोन्ही हातांनी फाकवून टीप ओढतो. कापड उभ्या-आडव्या धाग्यावर कापलेलं असेल तर एक वेळ निभावतं. पण त्रिकोणाची उरेब, म्हणजे धाग्याला तिरकी कापलेली, कड असेल तर ती ताणते आणि पुन्हा मापात येत नाही. साधी चूक होती, ती आता कापडात मुरली. मशीन बंद करा, सुई वर घ्या, उठा. परत बसाल तेव्हा एका बाजूने दर तिसरा-चौथा टाका कापा, कापड उलटा आणि दुसऱ्या बाजूचा दोरा ओढा. तो सलग निघून येतो, कापडाला ओढ बसत नाही. आणि एकच जागा दोनदा उसवून झाली असेल तर तिसऱ्यांदा उसवण्याआधी पट्टी हातात घ्या.

पाव इंच मोजून न बघणं

शिवणीसाठी पाव इंच सोडायचा हे सगळ्यांना माहीत असतं. आपल्या मशीनवर तो खरंच पाव इंच पडतो का, हे फार कमी जण बघतात. समजा टीप अर्धं सूत आत पडली. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, त्यामुळे अर्धं सूत डोळ्याला दिसतही नाही. पण जोडात कापडं दोन, म्हणजे प्रत्येक जोडामागे एक सूत गेलं. नऊ तुकड्यांच्या ठोकळ्यात एका दिशेला दोन जोड. असे आठ ठोकळे एका रांगेत लावले तर ठोकळ्यांमधले सोळा आणि ठोकळ्या-ठोकळ्यांना जोडणारे सात, असे तेवीस जोड झाले. तेवीस सूत म्हणजे जवळजवळ तीन इंच! शेजारची रांग बरोबर शिवलेली असेल तर या दोन रांगा कशा जुळाव्यात?

खात्री करायला दहा मिनिटं लागतात. दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या कापा, एकमेकींना जोडा, इस्त्री करा आणि मधली पट्टी मोजा. ती बरोबर एक इंच भरली पाहिजे. कमी भरली तर टीप केसभर बाहेर घ्या. शिवण दुमडली की दोरा आणि घडी थोडी जागा खातात, म्हणून टीप पाव इंचाला किंचित कमीच असावी लागते. फूट बदलला, मशीन बदललं, की ही चाचणी पुन्हा करायची.

इस्त्री सरकवू नका. उचला, ठेवा, दाबा, उचला. घासत नेली की ठोकळा तिरका होतो आणि दोष मात्र शिवणीला जातो. समोरासमोर येणाऱ्या शिवणी विरुद्ध बाजूंना दाबल्या की त्या एकमेकींत अडकतात आणि जोड जागच्या जागी बसतो.

खालच्या गुंत्यासाठी बॉबिनला धरणं

कापडाखाली दोऱ्याचं जाळं झालं की हात आधी बॉबिनकडे, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या रिळाकडे, जातो. बहुतेक वेळा कारण वर असतं. फूट खाली असताना दोरा ओवला तर तो टेन्शनच्या, म्हणजे दोऱ्याला ताण देणाऱ्या, चकत्यांमध्ये बसतच नाही. फूट उचला, वरचा दोरा पूर्ण काढा, पुन्हा ओवा. तरी सुटलं नाही तर सुई बदला. सात-आठ तास शिवून झाल्यावर ती बोथट झालेली असते.

काठ लाटांसारखा उठत असेल तर तुम्ही बहुधा लांब पट्टी लावत गेलात आणि उरलेली कापलीत. गोधडी मधोमध आणि दोन्ही कडांपासून थोडं आत अशी तीन ठिकाणी मोजा, सरासरी काढा, काठ तेवढाच कापा. मग आधी दोन्ही टोकं आणि मध्य टाचा. पाठीला चुण्या पडत असतील तर अस्तर ताठ बसलेलं नव्हतं, किंवा कच्चे टाके दूर दूर होते. साधारण वीतभर नव्हे, चार बोटांच्या अंतरावर घाला.

प्रत्येक चूक दुरुस्त करायला जाणं

ठोकळ्याचं माप चुकलं असेल, किंवा तो सपाट पडत नसेल, तर दुरुस्ती हवीच, कारण ती चूक पुढच्या प्रत्येक जोडात वाढत जाते. पण त्रिकोणाचं टोक शिवणीत जरासं गेलं असेल तर ते राहू द्या. गोधडी भिंतीला टांगा आणि दुसऱ्या दिवशी खोलीच्या दारातून बघा. कुठलं टोक गेलंय हे शोधावं लागलं तर ते उसवायची गरज नाही. हे मी मनापासून सांगते, कारण अशा टोकांपायी मी चांगलं कापड विरवून टाकलंय.

आणि काम बाजूला ठेवायचंच असेल तर नुसतं पिशवीत कोंबू नका. महिन्याभराने पिशवी उघडली की कुठे थांबलो होतो तेच आठवत नाही, म्हणून ती पुन्हा बंद होते. एका कागदावर पुढची एकच पायरी लिहा आणि वरच्या तुकड्याला टाचून ठेवा. माझ्या त्या गोधडीवरच्या चिठ्ठीत लिहिलं होतं, ‘सव्वासहाचे ठोकळे वेगळे काढले आहेत, पाच आहेत. आधी तीन पट्ट्यांची चाचणी.’ बाहेर काढली त्याच दुपारी पाचही ठोकळे नव्याने शिवून झाले.