नी आणि म यांची ओढ: कॉर्ड जोडायला असं शिका

कीबोर्ड शिकायला येणाऱ्या बहुतेकांना कॉर्डचे, म्हणजे एकदम वाजणाऱ्या तीन-चार स्वरांच्या गटांचे, तक्ते तोंडपाठ असतात. तरी वाजवताना हात एका कॉर्डवरून दुसरीवर उड्या मारतो आणि सगळं तुटक ऐकू येतं. अशा वेळी मी तक्ता बाजूला ठेवायला सांगते आणि दोनच स्वर वाजवायला लावते.

पांढरी एकला, म्हणजे सी या पट्टीला, सा धरा. मंद्रातला (खालच्या सप्तकातला) शुद्ध नी आणि मध्य सप्तकातला शुद्ध म एकदम दाबून ठेवा. अवघडल्यासारखं वाटेल. आता नी लगतच्या सा वर न्या आणि त्याच वेळी म खाली ग वर आणा. अवघडलेपण गेलं ना? जी सेव्हन्थ (प नी रे म) सी मेजरकडे (सा ग प) धावते ती मुख्यतः या दोघांमुळे. प दोन्हीकडे आहे, त्याला हलवूच नका. रे सा वर किंवा ग वर, जवळ पडेल तिथे जातो.

हे खरं अंगात मुरतं ते जर्मन संगीतकार बाखमुळे. १७२२च्या ‘वेल-टेम्पर्ड क्लेव्हियर’ या कीबोर्ड-रचनांच्या संग्रहातल्या पहिल्याच प्रील्यूडचे (छोट्या रचनेचे) पहिले चार बार, म्हणजे तालाचे चार विभाग, घ्या. मूळ रचनेत स्वर सुटे सुटे येतात, आपण ते एकत्र दाबू. खालून वर (वर टिंब म्हणजे तार सप्तक, खाली टिंब म्हणजे मंद्र):

सा ग प सां गं
सा रे ध रें मं
ऩी रे प रें मं
सा ग प सां गं

आता आडवं नको, उभं वाचा. प्रत्येक रकाना म्हणजे एक आवाज, आणि तो गाऊन बघायचाच, हे टाळू नका. सर्वात वरचा: गं मं मं गं. मधला: प ध प प. एकही आवाज एका पूर्ण स्वरापलीकडे सरकत नाही. सर्वात खालचा मला फार आवडतो: सा सा ऩी सा. पहिल्या बारमध्ये निवांत असलेला सा दुसऱ्यात जागचा हलत नाही, पण शेजारी रे येऊन घासू लागतो आणि त्याला खाली नी वर उतरावंच लागतं. मग नीला पुन्हा सा हवा. ओढ स्वरात नाही, त्याच्या सोबतीत आहे.

हात बसला की चौथ्या बारला खाली सा ऐवजी मंद्र ध लावा आणि मधला प ध वर चढवा. ए मायनर आली. नी आणि प सोडून बाकी सगळे ठरल्या जागी पोचले, तरी घर, म्हणजे सी मेजर, आलं नाही.

शेवटी जी सेव्हन्थमधले नी आणि म तसेच ठेवून प च्या जागी कोमल ध आणि शुद्ध रेच्या जागी कोमल रे घ्या, तळाला कोमल रे. ही डी फ्लॅट सेव्हन्थ जॅझमध्ये सर्रास येते. तीही सी मेजरवरच सुटते, फक्त आता तळाचा स्वरही अर्ध्याच स्वराने सा वर उतरतो. दोन्ही कॉर्ड पाठोपाठ वाजवा आणि तळाकडे कान ठेवा.