व्हॉइसओव्हरसाठी माइक: निवड एकदाची, अंतर रोजचे

व्हॉइसओव्हरच्या कामात नव्याने आलेल्यांचा पहिला प्रश्न कोणता माइक घ्यावा हाच असतो, आणि त्याचे उत्तर त्यांच्या खोलीत दडलेले असते. कंडेन्सर माइक आवाजातले बारकावे टिपतो, पण पंख्याची घरघर आणि भिंतींवरून परतणारा आवाजही तो तितक्याच इमानाने टिपतो. डायनॅमिक माइकमध्ये खोली कमी ऐकू येते असे म्हणतात, मात्र त्याचे मोठे कारण तो तोंडाजवळ धरला जातो हे आहे. शिवाय शुअर एसएम७बी सारख्या माइकला सुमारे 60 डेसिबल गेन (म्हणजे माइकच्या क्षीण सिग्नलची वाढ) लागतो, त्यामुळे माइक संगणकाला जोडणारा साधा इंटरफेस तिथे कमी पडू शकतो. बहुतेक स्टुडिओ कंडेन्सरना 48 व्होल्टची फँटम पॉवर, म्हणजे माइकच्याच केबलमधून मिळणारी वीज, लागते, हे बहुतेकांना ठाऊक असतेच.

मला सर्वांत जास्त काळ छळले ते अंतराने, म्हणून त्याविषयी सविस्तर लिहितो. कार्डिऑइड माइकच्या, म्हणजे मुख्यतः समोरचा आवाज टिपणाऱ्या माइकच्या, जवळ गेले की खर्जाचा भाग फुगतो आणि आवाज भारदस्त वाटू लागतो. या भुलीला बळी पडू नका. तोंड माइकपासून 5 सेंटिमीटरवर असताना आणखी 5 सेंटिमीटर मागे सरकले, तर थेट आवाजाची पातळी सुमारे 6 डेसिबलने घटते. तेच 20 वरून 25 सेंटिमीटरवर गेल्यास घट जेमतेम 2 डेसिबल असते. पातळी नंतर जुळवता येते, पण त्यासोबत बदललेला आवाजाचा पोत सहज जुळत नाही. आठवड्याने ग्राहक दोन वाक्ये बदलून मागतो आणि ती जुन्या रेकॉर्डिंगमध्ये ठिगळासारखी वेगळी दिसतात, तेव्हा हे गणित फार महागात पडते.

म्हणून तोंड आणि माइक यांच्यात एक वीत अंतर ठेवावे आणि पॉप फिल्टर, म्हणजे तोंडातल्या हवेचा झोत अडवणारी जाळी, माइकपासून चार बोटांवर लावावा. माइक तोंडाच्या थेट समोर न ठेवता थोडा बाजूला ठेवून ओठांच्या कोपऱ्याकडे वळवला, तर प, फ, ब, भ यांचा झोत त्याच्या शेजारून निघून जातो आणि स, श यांची धारही बोथट होते. संहिता डोळ्यांच्या उंचीवर असावी, कारण पान खाली असले की वाक्याच्या शेवटी मान झुकते आणि नेमका तिथेच आवाज विझतो.

‘रेडिओसारखा आवाज’ देणारे प्रीसेट, म्हणजे आवाजावर प्रक्रिया करणाऱ्या तयार सेटिंग, विकत घेऊ नयेत, असे माझे ठाम मत आहे. जो मार्गदर्शक तुमचे रेकॉर्डिंग न ऐकताच उपकरणांची यादी हाती देतो, त्याच्यापासूनही दूर राहावे. हातातला माइक साधा असला तरी घाबरू नका. शांत खोलीत, ठरलेल्या अंतरावर तो उत्तम काम देतो. प्रत्येक कामानंतर मांडणीचे छायाचित्र काढावे, गेनचा आकडा लिहून ठेवावा, आणि दुरुस्तीची वाक्ये बोलण्यापूर्वी मूळ रेकॉर्डिंगचा एक परिच्छेद हेडफोनवर ऐकून घ्यावा.